भाऊजींचा उजवा पाय

हे मी आजवर कोणापाशीच बोललो नाही. बायकोपाशी नाही, आणि ज्याच्यासमोर बसलो की माझं तोंड आपोआप सुटतं त्या मित्रापाशीही नाही. मग तुम्हालाच का सांगतो? खरं सांगू — तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही म्हणून. एवढंच कारण असावं. दुसरं काही चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं सांगताना थांबावं लागणार नाही. लाखनीला, हायवेला लागून माझं गॅरेज आहे. तिथे ट्रकवाल्यांची कायम झुंबड, पण मी ट्रकला हात लावत नाही. मी लहान गाड्यांचं काम करतो, आणि त्यातही ऑटोमॅटिक गिअरचं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे मी नागपूरला हे काम शिकत होतो. परत आलो तेव्हा साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलणारा मी एकटा. बाकीचे मिस्त्री गिअरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर नुसतं पाहूनच हात जोडायचे आणि गाडी माझ्याकडे धाडायचे. याचा मला माज होता. गिऱ्हाइकाने 'जरा आवाज येते' म्हटलं की मी म्हणायचो, 'आवाज तुम्ही ऐकू नका, मी ऐकतो.' हाताखाली कोणी ठेवलं नव्हतं. दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नव्हता ना! — हसू नका, पुढे येईलच.

आता भाऊजी. माझ्या मोठ्या ताईचे यजमान, वामनराव. राहायला भंडाऱ्यात. घराणं विणकरांचं, कोशाचं म्हणजे टसर रेशमाचं कापड विणणारं. पण भाऊजींचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. हातमाग तुम्ही पाहिला असेल तर माहीत असेल, विणणारा वर हाताने धोटा फेकतो आणि खाली पायाने पावड्या दाबतो — एकदा हा पाय, एकदा तो. एका पायाच्या माणसाला तिथे बसून काय करता येणार? म्हणून त्यांचे भाऊ मागावर बसले आणि यांना विक्रीला लावलं. गावोगाव जायचं, विणणाऱ्यांना सूत पोचवायचं, तयार कापड आणायचं, सानगडीच्या बाजारात ओळखीच्या दुकानदारांना दाखवायचं. म्हणजे ज्याला चालता येत नाही त्याच्या वाट्याला फिरतीचं काम आलं. एसटीच्या पायरीवर कंडक्टर काखेत हात घालून त्यांना वर ओढायचा. ऑटोवाले उचलून बसवायचे. 'मले लोकं गाठोड्यावानी चढवतेत आन उतरवतेत,' असं ते हसत सांगायचे. हसत सांगायचे, पण सांगायचे वारंवार.

चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी गाडी घेतली. जुनीच, पण ऑटोमॅटिक. मीच शोधून दिली होती. क्लच नाही, डाव्या पायाला काम नाही. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाखाली. शिकवलंही मीच, धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर. आणि मग एक दिवस माझ्या गॅरेजसमोर हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. बाहेर आलो तर भाऊजी, गाडीत एकटे. काच खाली केलेली, चेहरा घामाने डबडबलेला.

'सुरेशराव,' ते म्हणाले, 'मी आलो. कोनी आनलं नाही मले. मी आलो.'

ते उतरलेसुद्धा नाहीत. चहा गाडीतच घेतला आणि वळवून परत गेले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. ते मी खोटं म्हणणार नाही — त्या माणसाच्या आनंदात मी खरोखर आनंदी होतो. म्हणूनच पुढचं सांगायला मला इतका वेळ लागतो आहे.

पुढची काही वर्षं ते सुखाने फिरले. गाडी मात्र म्हातारी व्हायला लागली. गिअर आळशी झाला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी क्षणभर अधांतरी राहायची आणि मग सावकाश पुढचा गिअर पकडायची. तेव्हा लाखनीवरून उड्डाणपूल झालेला नव्हता. सगळे ट्रक गावातूनच जायचे. ओव्हरटेक करताना नेमका हा गिअर गळपटायचा आणि मागून ट्रकवाला अंगावर यायचा. भाऊजी घाबरले नाहीत, पण त्यांनी मला विचारलं, काही करता येईल का?

करता येतं. तयार किट मिळतं — थोड्या कडक स्प्रिंगा, एक नवी पट्टी, काही छोटे पोलादी छर्रे, सायकलच्या बेअरिंगमध्ये असतात तसे. गिअरबॉक्सच्या पोटात वॉल्व्ह बॉडी नावाचा एक भाग असतो. वाळवीने खाल्लेलं लाकूड कसं दिसतं, आत नुसत्या वाकड्यातिकड्या नाल्या? तसा दिसतो तो. त्या नाल्यांतून तेल पळतं आणि कोणता गिअर कधी पकडायचा ते ठरवतं. किट बसवलं की तेलाचा जोर वाढतो आणि गिअर रेंगाळत नाही, पटकन पकडतो. छर्रे काही नाल्यांच्या तोंडाशी बसतात आणि तेल एकदम घुसू नये म्हणून वाट अडवतात. एवढं कळलं तरी पुरे.

किट मी नागपूरच्या ओळखीच्या माणसाकडून मागवलं. ते यायला उशीर झाला आणि आलं ते ऐन नवतपात. मे अखेरचे ते दिवस आमच्याकडे कसे असतात, ते विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दुपारी पाना उचलला तर हात भाजतो. आणि सानगडीला ताईच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलेलं. भाऊजींना बायको आणि म्हातारी आई गाडीत बसवून स्वतः चालवत त्या लग्नाला जायचं होतं. भाऊबंदांसमोर. ताईने तर सगळ्या सासरी सांगून टाकलं होतं, माझा भाऊ गाडीले नवीन जीव देऊन राहिला म्हणून.

आता हे काम असं असतं. वॉल्व्ह बॉडी गाडीच्या खालून, उलटी करून वर बसवावी लागते. उलटी केली की छर्रे पडतात. ते पडू नयेत म्हणून नाल्यांत थोडी जेली लावतात, थंडीत फाटलेल्या ओठांना लावतो तीच. छर्रा त्यात चिकटून राहतो. नंतर तेल गरम झालं की जेली विरघळून जाते, काही बिघडत नाही. आमच्या भागात उन्हाळ्यात हे काम पहाटे करायचं असतं. दुपारी टिनाच्या शेडखाली त्या जेलीचं पाणी होतं. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी स्वतः दुसऱ्यांना सांगायचो. पण सकाळी उठायला उशीर झाला, मग कोणी गिऱ्हाईक बोलत बसलं, आणि मी म्हटलं — मला काय होतं? माझा हात थरथरतो थोडाच.

दुपारी मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरलो. आमच्या खड्ड्याच्या तळाला तूस पसरलेलं असतं. इथे राइस मिल पावलापावलावर. धानाचं तूस फुकट मिळतं, आणि सांडलेलं तेल ते चांगलं पिऊन घेतं. फरशी असती तर छर्रा पडल्यावर टण्णकन वाजला असता. तुसात काय वाजणार? मी वॉल्व्ह बॉडी वर चढवली, बोल्ट आवळले, चेंबर लावलं, तेल भरलं. संध्याकाळी जरा वारा सुटल्यावर चक्कर मारली. गिअर फटाफट पडत होते. मी स्वतःवरच खूश झालो. भाऊजींना एवढंच सांगितलं, 'आता पहिल्यापेक्षा जरा कडक लागेल. घाबरू नका. किटचं कामच ते आहे.'

हे वाक्य लक्षात ठेवा. ते मी तेव्हा खरं म्हणून बोललो होतो. पण पुढे किती दिवस मी त्याच वाक्याच्या आड बसलो!

लग्न झालं. भाऊजी आई-बायकोला घेऊन गेले आणि आले. सगळ्यांनी कौतुक केलं. मग मी एकदा खड्डा साफ करायला उतरलो. तेलाने गोळा झालेलं तूस घमेल्यात भरत होतो, आणि त्यात काहीतरी चमकलं. छर्रा. नवा कोरा, तुरीच्या दाण्याएवढा. जुन्या छर्र्यांपैकी तो असेल असं मी क्षणभर स्वतःला सांगून पाहिलं — पण जुने काळवंडलेले होते, आणि ते मी डबीत मोजून ठेवले होते.

म्हणजे भाऊजींच्या गाडीत एका नालीच्या तोंडाशी छर्रा नव्हता. तेल तिथून न अडता आत घुसणार. सकाळी, थंड तेलावर काही कळणार नाही. पण गाडी चांगली तापली, गर्दीत हळूहळू चालवावी लागली, की गिअर बदलताना मागून कोणी लाथ मारावी तसा झटका बसणार. मला हे सगळं तिथे खड्ड्यात उभ्या उभ्या कळलं. आणि मी काय केलं? फोन करायचा होता. 'भाऊजी, गाडी आणा, माझी चूक झाली.' चेंबर परत खोलून, तो दाणा जागेवर ठेवून गाडी परत द्यायची — एका सकाळचं काम. बस्स, तेवढंच. मी छर्रा पुसला आणि टेबलाच्या खणात टाकला. म्हटलं, पुढे तेल बदलायला येतीलच, तेव्हा गुपचूप बसवून देऊ. कोणाला कळायचं नाही.

तुम्ही म्हणाल, चूक कोणाकडून होत नाही? बरोबर आहे. इथवर थांबलो असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

तेल बदलायच्या आधीच ती दुपार आली. भंडाऱ्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या गल्लीत भाऊजी गाडी हळूहळू काढत होते. ताई शेजारी. पुढे गर्दी दिसली म्हणून त्यांनी वेग कमी केला, मग अॅक्सिलरेटर पुन्हा जरा दाबला, तसा गिअर बदलला आणि गाडी एकदम पुढे ढकलल्यासारखी उसळली. दुकानाबाहेर मांडलेली पितळी गुंड-घागरींची उतरंड खाली आली. भांडी रस्त्याभर घरंगळत गेली. एक बाई कडेवरच्या पोरासकट कशीबशी बाजूला झाली. लागलं कोणालाच नाही. पण लोक जमले, आणि लोकांना भाऊजींची काठी दिसली. मग काय बोलले असतील ते मी सांगायला नको. लंगड्या माणसाने गाडी काहून चालवावी — हेच.

ताईचा फोन आला. रडत होती. मी मोटरसायकलवर भंडारा गाठलं. वाटेत सारखं ठरवत होतो की आज सांगून टाकायचं. नदीचा पूल येईपर्यंत माझं ठरलेलं होतं. घरी पोचलो तर पडवीत त्यांचे भाऊ, शेजारी, सगळे बसलेले. भाऊजी खाटेवर मान खाली घालून. मला पाहून त्यांनी मान वर केली. त्या घरात त्या वेळी त्यांच्या बाजूचं कोणी असेल तर तो मी, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

'सुरेशराव, गाडी झटका देते. सांगा यायले. मी काही चुकीचं दाबलं नाही,' ते म्हणाले.

ताई म्हणाली, 'सुऱ्या, तूच पाहून सांग. तू सांगशीन ते खरं.'

आणि मी म्हणालो, चला, चालवून पाहू.

हेच ते. इतका वेळ मी याच्याच भोवती फिरतो आहे. छर्रा पडणं ही माझी चूक होती. हे मात्र मी केलं. गाडी मी तापू दिली, ताई आणि भाऊजींना मागे बसवलं, आणि त्याच गल्लीतून हळूहळू नेली. झटका कुठे येणार ते मला पक्कं माहीत होतं. ज्याने गिअरबॉक्स उघडलेला आहे त्याला इंजिनाच्या आवाजावरून कळतं, आता गिअर बदलणार. त्याच्या पापणीभर आधी अॅक्सिलरेटरवरून पाय जरा उचलायचा. तेलाचा जोर ओसरतो आणि झटका आतल्या आत विरून जातो. मी तसं केलं. प्रत्येक वेळी केलं. बाजार, बसस्टँड, कचेरीपर्यंत जाऊन परत. गाडी एकदाही उसळली नाही. आरशात मला भाऊजी दिसत होते. ते समोर बघत नव्हते. माझ्या पायाकडे बघायचा प्रयत्न करत होते, पण मागून पाय दिसत नाही.

'पाहा,' ताई म्हणाली, 'सुऱ्या चालवते तं कशी लोण्यावानी जाते!'

घरी आल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं की गाडी ठीक आहे. किट कडक आहे, पाय जरा जोरात पडत असेल. वयानुसार होतं, असंही म्हणालो. वयानुसार! पन्नाशीही गाठली नव्हती त्या माणसाने. माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. का बोललो? पडवीत सात-आठ माणसं होती म्हणून? ताईची मान खाली जाईल म्हणून? साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंतचा एकटा मिस्त्री म्हणून? ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या वेळी मनात एवढंच होतं की माझं नाव जाता कामा नये, आणि ते वाचत असेल तर त्यांचं जाऊ दे.

किल्ली ताईने घेतली. भाऊजींनी विरोध केला नाही. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर ते भांडले असते. स्वभावाने तसे चांगले तापट होते. पण मिस्त्रीच म्हणतो गाडी ठीक आहे, आणि मिस्त्री घरचा, ज्याने शिकवलं तोच — मग भांडायचं कोणाशी?

तुम्हाला वाटेल, नंतर तरी गुपचूप छर्रा बसवून गाडी परत द्यायची होती, म्हणायचं होतं की आता चालवून पाहा. मलाही वाटलं होतं. पण मग ती चालली असती. आणि ते शहाणे होते. त्यांनी विचारलं असतं, तुम्ही काय केलं की आता झटका येत नाही? या एका प्रश्नाला मी घाबरलो.

पावसाळा लागल्यावर एकदा गेलो. ताई म्हणाली, ते मागे आहेत, मागाच्या खोलीत. त्यांचे भाऊ त्या वेळी बाहेर गेलेले, माग रिकामा होता. भाऊजी मागावर बसले होते. ज्या मागावर त्यांना लहानपणी बापाने बसू दिलं नव्हतं, त्याच मागावर. डावा पाय हाताने उचलून बाजूला ठेवलेला, आणि उजव्या पायाने पावडी दाबत होते. सावकाश. खाली न्यायची, धरायची, सोडायची. पुन्हा खाली न्यायची. वर ताणा हलत होता आणि कापड काहीच विणलं जात नव्हतं.

मला बघून ते लाजले. मग म्हणाले, 'पाय हलका करून राहिलो. कुठं जास्त दबते ते पाहून राहिलो. तुमी सांगा ना, कसं दाबाचं ते.'

आणि मी सांगितलं. हो, सांगितलं! त्यांच्या शेजारी खाली बसलो, त्यांच्या पायाला हात लावला आणि शिकवलं — टाच टेकवा, मग पंजा हळू दाबा, बोटं आधी नको. त्यांचा पाय उत्तम होता. हे मी तुम्हाला माझ्या कामाच्या भरवशावर सांगतो. इतका सारखा, इतका ताब्यात असलेला पाय मी दोन धड पाय असलेल्या ड्रायव्हरचाही पाहिलेला नाही. आयुष्यभर एकाच पायाने सगळं सांभाळलेला माणूस तो. मी त्याच पायाला हात लावून म्हणालो, 'हं, आता जरा सुधारला. करत राहा.' ते करत राहिले. ताई सांगायची, रोज बसतात, भाऊ जेवायला उठला की हे बसतात.

मला त्या वेळी लाज वाटली. सपाटून वाटली. घरी येऊन मी जेवलो नाही. पण लाज वाटली म्हणून मी काही केलं का? दुसऱ्या दिवशी जेवलो.

दिवाळीनंतर ताई म्हणाली, गाडी विकून टाक. दारात उभी राहिली की यांचं मन तिच्यातच राहते. मी गोंदियाकडचं एक गिऱ्हाईक पाहिलं. डॉक्टर होते, चार गाड्या वापरलेले, चौकस. आणि गाडी त्यांना दाखवायच्या आधी मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच. पहाटे, थंडीत, चेंबर खोललं, खणातला छर्रा घेतला, जेली लावून त्याच्या जागी बसवला. जेली कशी घट्ट राहिली होती! काम अगदी जसं व्हायला हवं तसं झालं. परक्या माणसाला झटका बसू नये, त्याने माझ्या कामाला नाव ठेवू नये, म्हणून मी ते केलं. गाडी डॉक्टरांना आवडली. पुढे त्यांनी माझ्याकडे आणखी गिऱ्हाइकं धाडली.

भाऊजी परत एसटीने फिरायला लागले. एकदा लाखनीच्या थांब्यावर मी त्यांना पाहिलं. कापडाचं गाठोडं आधी वर गेलं, मग काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. हाक मारली नाही.

त्यानंतर कधीतरी त्यांनी मला विचारलं. पोळ्याचं जेवण होतं, ताईच्या घरी. आम्ही दोघे पडवीत बसलो होतो, ताई आत वाढायची तयारी करत होती. भाऊजी रस्त्याकडे बघतच म्हणाले, 'त्या डॉक्टरले झटका लागते का हो? गाडीचा?'

यात काही डाव नव्हता. मला पकडावं असं त्यांच्या मनात असतं तर त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. त्यांना फक्त माहीत करून घ्यायचं होतं. वर्षभर पावडी दाबून शेवटी त्यांनी स्वतःसाठी हा एक प्रश्न शिल्लक ठेवला होता. डॉक्टरलाही झटका लागत असेल तर दोष गाडीचा. नसेल तर —

मी म्हणालो, 'नाही. त्यांना काहीच लागत नाही.'

या सगळ्या प्रकरणात मी भाऊजींशी बोललेलं एवढं एकच वाक्य पूर्ण खरं होतं.

ते म्हणाले, 'हाव. मंग माझाच पाय म्हनाचा.' आणि हाताने उजवा पाय उचलून खाटेवर घेतला. उचलून — म्हणजे तो डावा उचलायचे ना, हाताने धरून, तसा. ज्या पायाला कधी हात लावायची गरज पडली नव्हती, त्याला. ताईने जेवायला हाक मारली तेव्हा ते उठताना भिंत धरून उठले.

ते मागावर परत कधी बसले नाहीत. फिरणंही हळूहळू सोडलं. आधी लांबची गावं सोडली, मग सानगडीचा बाजार, मग सगळंच. जी कामं एका पायावर आयुष्यभर केली, ती कामं ते दुसऱ्याला सांगायला लागले. पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घ्यायचे. ताई म्हणायची, यायचा त्या पायावरचा भरवसाच उडाला. भंडाऱ्यातल्या डॉक्टरांना पाय दाखवला. डॉक्टर म्हणाले, पायाला काही झालेलं नाही. यावर घरात कोणी विश्वास ठेवला नाही, भाऊजींनी तर नाहीच. काही वर्षांनी ते गेले. तापाचं निमित्त झालं.

तेराव्याला मी गेलो होतो. पंगत उठल्यावर ताई माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, 'तू येळेवर सांगतलं म्हनून, सुऱ्या. नाहीतं हा मानूस रोडवर मेला असता. तुह्यामुळे घरी मेला, खाटेवर.'

मी तिचा हात सोडवला नाही. 'हो, ताई,' म्हणालो. मग तिने माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं ताट आणलं, आणि मी ते संपवलं.